गावाकडचं वायरलेस घरगुती इंटरनेट: खर्च, मर्यादा आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायर न ओढता घरात इंटरनेट घेणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे आहेत, पुढे किचकट. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. प्लॅनचे दर जागोजागी वेगळे असतात आणि सारखे बदलतात, म्हणून इथे दर नाहीत, हिशेब कसा मांडायचा ते आहे.

१. वायरलेस घरगुती इंटरनेट म्हणजे नक्की काय? मोबाइलचा हॉटस्पॉट आणि हे एकच का?

एकच नव्हे. या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, मोबाइलच्याच टॉवरवरून चालणारा ४जी किंवा ५जी राउटर. दुसरी, छोट्या सेवादाराचा स्वतःचा मनोरा आणि तुमच्या छतावर त्याच्याकडे तोंड केलेली लहान डिश. ही बहुधा ५ गिगाहर्ट्झवर चालते. तिसरी, उपग्रह. पैसे भरण्याआधी तुम्हाला यातलं काय मिळतंय ते विचारून घ्या, कारण तिन्हींची दुखणी वेगळी आहेत.

हॉटस्पॉटमध्ये फोनचा बोटभर अँटेना आणि तापणारी बॅटरी यांच्यावर सगळा भार असतो. घरगुती राउटरचे अँटेना मोठे असतात, तो खिडकीत किंवा छतावर कायमचा बसवता येतो आणि एका वेळी पंधरा-वीस उपकरणं सांभाळतो. मात्र काही सेवादार गर्दीच्या वेळी घरगुती ग्राहकांना मोबाइलवाल्यांच्या मागे रांगेत उभं करतात. करारात ‘प्राधान्य’ हा शब्द शोधा.

२. फायबर आमच्या रस्त्यापर्यंत आलंय. तरी वायरलेस घ्यावं का?

नाही. जोडणीचं शुल्क जास्त वाटलं तरी फायबरच घ्या. वायरलेस दुसरा मार्ग म्हणून ठेवायचं असेल तर प्रश्न १९ पाहा.

३. शहरापेक्षा आम्हाला महाग आणि तेही हळू. असं का?

टॉवर उभा करण्याचा खर्च माणसं मोजून कमी-जास्त होत नाही. लोखंड, बॅटऱ्या, वीज, जनरेटरचं डिझेल, देखभालीच्या फेऱ्या, सगळं तेवढंच किंवा दुर्गम जागी जास्तच. तो खर्च शहरात हजारो घरांवर पसरतो, गावात शे-दोनशे घरांवर. शिवाय टॉवरलाही मागून इंटरनेट लागतं. शहरात ते फायबरनं येतं, खेड्यातल्या बऱ्याच टॉवरना एकाकडून दुसऱ्याकडे मायक्रोवेव्हच्या उड्यांनी पोचवलं जातं. ही मागची नळीच बारीक असेल तर तुमच्या छतावर कितीही भारी अँटेना लावा, पाणी तेवढंच येणार.

४. जाहिरातीत एक आकडा असतो, खिशातून भलतंच जातं. खरा हिशेब कसा मांडायचा?

मासिक भाडं १०० धरा आणि बाकी सगळं त्याच मापात लिहा. समजा बसवण्याचे ३००, राउटरचे ९००, जीआय पाइप, क्लॅम्प, केबल आणि मजुरीचे ४००. म्हणजे एकदाचा खर्च १६००. जोडणी २४ महिने वापरली तर महिन्याला त्याचे ६७ येतात, म्हणजे खरं भाडं १६७. सहाच महिन्यांत सोडली तर तेच ३६७ होतं. म्हणून पहिला प्रश्न दराचा नसतो. इथे किती दिवस राहणार आणि ही सेवा किती दिवस टिकणार, हा असतो.

यात हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी: जाहिरातीतल्या दरात नसलेला कर, सवलतीची मुदत संपल्यावरचं भाडं, जादा डेटाचा दर, मुदतीआधी सोडल्याचा दंड, अनामत परत मिळण्याच्या अटी. आणि २८ दिवसांचा प्लॅन. तो वर्षात १२ नव्हे, १३ वेळा भरावा लागतो. १०० चा प्लॅन प्रत्यक्षात महिन्याला १०८ ला पडतो.

राउटर भाड्यानं की विकत? किमतीला मासिक भाड्यानं भागा. ९०० चा राउटर महिन्याला २० नं मिळत असेल तर ४५ महिन्यांनी बरोबरी होते. इतका काळ तो राउटर जुना न होता चालेल का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. विजा पडणाऱ्या भागात भाड्याचा बरा, पण जळल्यास बदलून देतात का ते लेखी घ्या.

५. चौघांच्या घराला महिन्याला किती डेटा लागतो?

साधारण धरून चाला: कमी दर्जाचा व्हिडिओ तासाला १ जीबीच्या आत, एचडी ३ जीबीपर्यंत, ४के ७ जीबीपर्यंत, व्हिडिओ कॉल तासाला १ जीबीच्या आसपास. घरात रोज तीन तास एचडी टीव्ही असेल तर ९ जीबी, दोन तास ऑनलाइन वर्ग २ जीबी, चार फोन प्रत्येकी दीड म्हणजे ६ जीबी. झाले रोजचे १७, महिन्याचे ५१०.

नेमकं घोडं पेंड खातं ते न दिसणाऱ्या वापरात. क्लाउडवर सतत रेकॉर्डिंग पाठवणारा एकच कॅमेरा अवघ्या १ एमबीपीएसवर चालला तरी दिवसाला १०.८ जीबी, महिन्याला ३२४ जीबी खातो. असे दोन कॅमेरे म्हणजे अख्ख्या घरापेक्षा जास्त. रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर घ्या आणि क्लाउडला फक्त हालचाल दिसल्यावरच्या क्लिप जाऊ द्या. दुसरी गळती टीव्हीची. त्याचा दर्जा ‘ऑटो’वर असेल तर वेग मिळेल तितकं तो पितो. ३२ इंची टीव्हीवर ४के आणि एचडीतला फरक पलंगावरून कुणालाही दिसत नाही.

६. ‘अनलिमिटेड’ घेतलं, पण वीस तारखेनंतर नेट रांगतं. ही फसवणूक आहे का?

करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर कायद्यानं बहुधा नाही. ठरावीक डेटानंतर वेग उतरवतात, कनेक्शन तोडत नाहीत, म्हणून ते ‘अनलिमिटेड’. विचारायचं ते हे: वेग कितीवर उतरतो? २ एमबीपीएस असेल तर एका टीव्हीवर कमी दर्जाचं चित्र आणि मेसेज निभावतात. ६४ केबीपीएस असेल तर १ एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटं लागतात. त्याला बंदच समजा. १००० जीबीची मर्यादा दिवसाला ३३ जीबी येते. प्रश्न ५ चा तुमचा आकडा याच्याशी ताडून पाहा.

७. प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण डाउनलोड करताना १२ च आकडा दिसतो.

बरोबर दिसतोय. प्लॅन बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये. ८ नं भागा: १०० चे साडेबारा.

८. फोनमध्ये रेंज फुल्ल, टॉवर डोळ्यांसमोर, तरी व्हिडिओ अडकतो. कसं काय?

दांड्या फक्त आवाज किती मोठा येतोय ते सांगतात, शब्द स्पष्ट आहेत का ते नाही. जत्रेत लाउडस्पीकरजवळ उभं राहिल्यावर मोठा आवाज येतो, पण शेजारच्याचं बोलणं कळत नाही. तसंच हे.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर दोन आकडे शोधा. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद. तो उणे असतो. उणे ८० किंवा त्याहून शून्याकडे असेल तर उत्तम, उणे १०० पर्यंत चालण्याजोगा, उणे ११० च्या खाली रडकथा, उणे १२० ला जोडणी तुटायच्या बेतात. एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ. २० च्या वर झकास, १० च्या आसपास ठीक, शून्याखाली गेला की रेंज फुल्ल असूनही गाडी हलत नाही.

ताकद चांगली पण स्वच्छता वाईट असेल तर बहुधा दोन-तीन टॉवर एकाच पट्ट्यावर (बँडवर, म्हणजे लहरींच्या ठरावीक वारंवारतेवर) तुमच्या छतावर भांडत असतात. माळावरच्या आणि टेकडीवरच्या घरांना हा त्रास जास्त, कारण त्यांना सगळेच टॉवर दिसतात. इलाज: एकाच दिशेला ऐकणारा अँटेना (प्रश्न १२), किंवा राउटर ४जी-५जीच्या एका ठरावीक पट्ट्यावर बांधून ठेवणं. दोन्ही आकडे चांगले असूनही अडकत असेल तर प्रश्न ९ कडे जा.

९. दिवसा सुसाट, रात्री आठ ते अकरा मरगळ. राउटर बदलू का?

पैसे वाया जातील. टॉवरची एक बाजू म्हणजे एकच सामाईक नळ. साध्या ४जीमध्ये २० मेगाहर्ट्झची पट्टी पुस्तकी हिशेबानं १५० एमबीपीएस देते, आणि ती त्या बाजूच्या सगळ्या फोन-राउटरमध्ये मिळून. त्यात दूरचा, कमी सिग्नलचा ग्राहक तेवढाच डेटा घ्यायला जास्त वेळ टॉवर अडवून धरतो, त्यामुळे प्रत्यक्षात वाटायला निम्म्याहूनही बरंच कमी उरतं. पुस्तकी आकडा धरला तरी तीस घरांनी एकाच वेळी टीव्ही लावला की वाट्याला ५ एमबीपीएस.

करता येण्यासारखं: पट्टा बदलून पाहा, कारण ज्या पट्ट्यावर फोन कमी असतात तो संध्याकाळी मोकळा असू शकतो. विरुद्ध दिशेचा थोडा लांबचा टॉवर मोकळा असेल तर अँटेना तिकडे वळवा. मोठे डाउनलोड, फोनचे अपडेट पहाटे तीनला लावा. आणि राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) असेल तर वेगाची मर्यादा संध्याकाळी मिळणाऱ्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर बांधा. एकूण वेग थोडा घटतो, पण कुणी डाउनलोड लावलं म्हणून दुसऱ्याचा कॉल तुटत नाही.

१०. पैसे भरण्याआधी आमच्या घरी चालेल की नाही, हे कसं तपासायचं?

सेवादाराचा रंगीत नकाशा गणितानं काढलेला असतो. तुमच्या घरामागचा आंबा त्याला माहीत नसतो. म्हणून स्वतः मोजा.

त्याच कंपनीचं सिम एका फोनमध्ये घाला, वाय-फाय बंद करा, आरएसआरपी आणि एसआयएनआर दाखवणारं मोफत ॲप टाका. छतावर जाऊन चारही कोपऱ्यांत दोन-दोन मिनिटं थांबा आणि आकडे वहीत लिहा, सोबत बँड (पट्टा) आणि सेलचा, म्हणजे टॉवरच्या त्या बाजूचा, क्रमांक. मग खाली येऊन राउटर जिथे ठेवणार तिथे तेच. छत आणि खोली यांत १५-२० डीबीचा (डेसिबल, सिग्नल मोजण्याचं माप) फरक निघाला तर छतावरचा राउटर किंवा अँटेना याच्या खर्चाची आत्ताच तयारी ठेवा. पत्र्याचं छप्पर आणि जाड दगडी भिंत असेल तर तो निघतोच.

त्यानंतर वेगाची चाचणी. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ, अशी तीन दिवस; त्यातला एक सुट्टीचा. सरासरी काढत बसू नका. सगळ्यात कमी आलेला रात्रीचा आकडाच तुम्ही विकत घेताय. दोघं एचडी पाहणार आणि एक कॉलवर, अशा घराला तो १५ च्या खाली नको.

चाचणीचं सिम नसेल तर शेजारच्या घरी मोजा, पण ‘शेजारी’ म्हणजे टॉवरकडे तोंड केलेली तशीच भिंत आणि तेवढीच उंची. पन्नास मीटरवर चित्र पार पालटतं.

११. ५जी राउटर घेतला तर वेग वाढेल ना?

कोणत्या ५जीवर, ते आधी पाहा. ३५०० मेगाहर्ट्झच्या ५जीला १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद पट्टी मिळते, वेग जबरदस्त. पण ते टॉवरपासून दोन-तीन किलोमीटरमध्ये दम तोडतं आणि भिंतींना घाबरतं. ७०० मेगाहर्ट्झचं लांब जातं, घरात शिरतं, मात्र पट्टी जेमतेम १० मेगाहर्ट्झची असते. फोनवर ५जी उमटतं, वेग चांगल्या ४जीएवढाच. टॉवर पाच किलोमीटरवर असेल तर ५जी राउटरपेक्षा दोन-तीन पट्टे एकत्र वापरणारा चांगला ४जी राउटर आणि बाहेरचा अँटेना जास्त देतो.

१२. बाहेरचा अँटेना लावून खरंच फरक पडतो का? कोणता घ्यावा?

पडतो, पण चुकीच्या केबलीनं सगळी कमाई जाते. १० मीटर पातळ आरजी-५८ केबलीत १८०० मेगाहर्ट्झला पाच-सात डीबी विरतात. ११ डीबीआयचा (सिग्नल ११ डीबीनं उचलणारा) अँटेना लावून हाती पाच उरले. तेवढ्याच लांबीच्या जाड एलएमआर-४०० मध्ये दोनच डीबी जातात, पण ती महाग आणि वळवायला हट्टी. म्हणून आमचं मत ठाम आहे: अँटेना छतावर आणि राउटर घरात, असं न करता अख्खा बाहेरचा राउटर पाइपावर बसवा आणि खाली साधी नेटवर्क केबल आणा. तिच्यातून १०० मीटरपर्यंत डेटाही येतो आणि पीओई या सोयीनं त्याच केबलीतून वीजही जाते. केबल बाहेरची, काळ्या आवरणाची, शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल लांब अंतरावर वीज पोचवताना हात टेकते आणि मग राउटर रात्री-अपरात्री आपोआप रीस्टार्ट होतो. दोष मात्र कंपनीच्या माथी. पीओईचा जोड ज्या उपकरणाचा त्यालाच वापरा. २४ व्होल्टच्या यंत्राला ४८ व्होल्ट थेट लागले तर ते जळतं.

वेगळा अँटेनाच लावायचा असेल तर दोन तरी लावा, किंवा एका खोक्यात दोन असलेला घ्या. ४जी एका वेळी दोन प्रवाह धरते. एकाच अँटेनावर वेग जवळपास निम्मा होतो. दोन्ही एकमेकांना काटकोनात, इंग्रजी व्हीसारखे ४५ अंशांत कलते.

दिशा लावताना एक जण छतावर, एक जण राउटरच्या पानासमोर. अँटेना १० अंश फिरवा, हात काढून घ्या, एक मिनिट थांबा, एसआयएनआर लिहा, पुढचे १० अंश. घाईनं फिरवत राहिलं की जुनाच आकडा दिसत असतो. सगळ्यात चांगली दिशा कधी कधी टॉवरची नसतेच, समोरच्या कड्यावरून परतणाऱ्या लहरींची असते. यंत्र सांगेल ते ऐका. मग यू-क्लॅम्प आवळा, पाइपावर रंगानं खूण करा. वाऱ्यानं फिरला तर परत तिथेच आणता येतो.

१३. बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर लावू का?

नको. बऱ्याच देशांत परवान्याशिवाय तो बेकायदा आहे. बाहेरचा आणि आतला अँटेना जवळ आले की तो स्वतःचाच आवाज ऐकून शिट्टी मारू लागतो आणि टॉवरवरच्या सगळ्यांचं नेट बिघडवतो.

१४. सेवादार म्हणतो ‘लाइन ऑफ साइट नाही’, आम्हाला तर मनोरा स्पष्ट दिसतो.

दोघंही खरे असू शकतात. ५ गिगाहर्ट्झची डिश-जोडणी सुतासारख्या रेषेतून जात नाही, तिला मधे फुगलेली, काकडीच्या आकाराची मोकळी जागा लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवर, २ किलोमीटर अंतराला मध्यावर तिची त्रिज्या ५ मीटर असते, ५ किलोमीटरला ८ मीटर. त्यातला आतला ६० टक्के भाग तरी मोकळा हवा, म्हणजे दृष्टिरेषेपासून अनुक्रमे ३ आणि ५ मीटर. मधल्या झाडाचा शेंडा रेषेच्या दोन मीटर खाली असेल तर तुम्हाला मनोरा दिसतो, जोडणी मात्र लंगडते. आणि झाड वाढतं. आज निसटतं बसतंय म्हणून जोडणी घेतली तर दोन वर्षांनी पाइप वाढवण्याचा खर्च ठरलेला. ६ मीटरच्या वर पाइप गेला की तीन बाजूंनी ताणाच्या तारा लागतात. तो खर्च प्रश्न ४ च्या यादीत धरा.

१५. पावसात नेट जातं. पावसानं लहरी अडतात का?

४जीच्या आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना पावसाच्या थेंबांनी फारसा फरक पडत नाही. थेंबांचा मार साधारण १० गिगाहर्ट्झच्या वर जाणवू लागतो, म्हणून उपग्रहाच्या डिशला धुवाधार पावसात खंड पडतो आणि सर ओसरली की पाच-दहा मिनिटांत ती परत येते.

मग तुमचं का जातं? चार संशयित आहेत. ओली पानं: पानांवरचं पाणी लहरी शोषून घेतं, त्यामुळे झाडातून जाणारी जोडणी पावसाळ्यात कोलमडते आणि उन्हाळ्यात, पानं गळल्यावर, चमत्कारासारखी सुधारते. जोडात शिरलेलं पाणी: पाऊस थांबल्यावरही दोन दिवस नेट मंद असेल तर हेच. जोड उघडून पाहा, आतली पितळी पिन हिरवट दिसली की केबलीचं टोक बदलायचं. नवीन जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा आणि केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे थेंब तिथून टपकतील. तिसरा संशयित टॉवरची वीज (प्रश्न १६). चौथा, टॉवरला मागून येणारी मायक्रोवेव्हची उडी. तिची वारंवारता बहुधा जास्त असते, ती पावसात खचली की तुमचे आकडे उत्तम दिसतात आणि वेग शून्य.

१६. लाइट गेल्यावर नेट किती वेळ चालवता येईल?

राउटरवर १२ व्होल्ट, दीड अँपिअर असं लिहिलेलं असलं तरी तो बहुधा ६ ते १० वॉटच खातो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या शिसं-आम्लाच्या बॅटरीत ८४ वॉट-तास असतात. ती टिकवायची तर निम्मेच वापरा, म्हणजे १० वॉटला चार तास. छोट्या यूपीएसच्या खोक्यावरचा १०,००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टचा असतो. त्याचे ३७ वॉट-तास झाले, घट जाता तीन तास. जवळच्या उपग्रहांची डिश (प्रश्न १८) मात्र ५० ते १०० वॉट मागते. तिला हेच सामान अर्धा तास पुरेल.

तुमचा राउटर जिवंत असून नेट गेलं, तर टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या. त्यावर तुमच्या घरात इलाज नाही. लाइट गेल्यापासून किती मिनिटांनी जातं ते दोन-तीनदा टिपून ठेवा. त्यापेक्षा मोठी बॅटरी घेण्यात अर्थ नाही.

विजेचा कडकडाट सुरू झाला की प्लग आणि छतावरून येणारी केबल, दोन्ही काढा. पाइपाला अर्थिंग आणि केबलीला सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा जोड) लावलेला असावाच, पण त्यानं थेट पडलेली वीज थांबत नाही.

१७. मला सगळ्यांचं ऐकू येतं, माझा आवाज मात्र तुटतो.

टॉवर वीस-चाळीस वॉटनं बोलतो, तुमचा राउटर ०.२ वॉटनं. त्याचा आवाज शंभर पट लहान. म्हणून अंतर वाढलं की अपलोड आधी मरतं, आणि प्लॅनमध्येही ते डाउनलोडपेक्षा कमीच ठेवलेलं असतं. दिशा धरणारा अँटेना जाणाऱ्या आवाजालाही तेवढाच उचलतो. तोवर कॉलमध्ये कॅमेरा बंद ठेवा. नुसत्या आवाजाला ०.१ एमबीपीएस पुरतं. आणि फोनचे फोटो त्याच वेळी क्लाउडवर चढत नाहीत ना, तेही बघा. बहुतेकदा चोर तिथेच सापडतो.

१८. टॉवर नाहीच. उपग्रहाचं कसं?

दोन जाती आहेत. जुनी, ३५,७८६ किलोमीटरवर एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या उपग्रहाची. विनंती वर जाऊन खाली, उत्तर वर जाऊन खाली, एवढ्यात प्रकाशाच्या वेगानंही अर्धा सेकंद जातो. चित्रपट चालतो, कॉलवर दोघं एकदम बोलतात, गेम विसरा. नवी जात साधारण ५५० किलोमीटरवरून सतत फिरणाऱ्या उपग्रहांची. तिथे उशीर २५ ते ६० मिलिसेकंद असतो. पण तिला आभाळाचा मोठा तुकडा मोकळा लागतो. एक माड आड आला तरी ठरावीक अंतरानं काही सेकंद खंड पडतो. डिश महाग, विजेचं बिल वेगळं.

१९. दोन कंपन्यांची कनेक्शनं जोडून वेग दुप्पट होतो का?

एका डाउनलोडचा नाही. साधा दुहेरी राउटर टीव्ही एका कनेक्शनवर, फोन दुसऱ्यावर, असं वाटून देतो. त्याचा खरा उपयोग एक बंद पडल्यावर दुसऱ्यावर जाणं हा. त्यासाठी दुसरं कनेक्शन वेगळ्या टॉवरचं हवं. बऱ्याच ठिकाणी दोन कंपन्या एकाच मनोऱ्यावर, एकाच बॅटरीवर लटकलेल्या असतात.

२०. घरचा कॅमेरा बाहेरगावाहून दिसत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून वाट उघडून देणं) केलं तरी नाही.

राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे सेवादारानं राउटरला दिलेला पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत कुठे सुरू होत असेल, किंवा १० नं सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: एकच सार्वजनिक पत्ता शेकडो घरांत वाटलेला. बाहेरून येणाऱ्याला तुमचं दार सापडतच नाही, मग पोर्ट उघडून काय होणार? उपाय तीन: उत्पादकाच्या क्लाउडमधून चालणारा कॅमेरा, घरून बाहेर जोडणी करणारा व्हीपीएन, किंवा जादा भाडं देऊन स्थिर आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता). आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, वाटून न घेतलेला पत्ता) मिळत असेल तर त्यानंही जमतं, पण बाहेरच्या नेटवरही ते असावं लागतं.

२१. शेजाऱ्याशी अर्धंअर्धं वाटून घेतलं तर?

पैसे वाचतात, पण बहुतेक करारांत ते मना आहे, आणि त्याच्या फोनवरून काही गैर घडलं तर नाव तुमचं येतं. करार परवानगी देत असेल तर त्याच्यासाठी वेगळं गेस्ट नेटवर्क आणि वेगाची मर्यादा ठेवा. डेटाची मर्यादा दोघांत एकच राहते, हे आधीच बोलून घ्या. भांडणं त्यावरूनच होतात.

२२. घरगुती राउटर शेतातल्या घरी नेला तर चालेल का? त्यातलं सिम फोनमध्ये?

काही सेवादार सिम त्याच राउटरला, काही तर त्याच पत्त्याच्या टॉवरला बांधतात. दुसरीकडे ते नुसतं लुकलुकत राहतं. घेण्याआधी विचारा. दोन घरं एकमेकांना दिसत असतील तर दुसरं कनेक्शन घेण्यापेक्षा ५ गिगाहर्ट्झच्या डिशची जोडी एकदाच बसवा. किलोमीटर-दोन किलोमीटरला ती आरामात पुरते. मोकळ्या जागेची अट प्रश्न १४ मधलीच.

२३. कबूल केलेला वेग मिळत नाही. सोडायचं ठरवलं तर पैसे अडकू नयेत म्हणून काय करावं?

‘नेट स्लो आहे’ या तक्रारीवर ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढंच उत्तर येतं. तारीख, वेळ, केबलीनं जोडलेल्या संगणकावरचा वेग, आरएसआरपी, एसआयएनआर आणि सेलचा क्रमांक, असा आठवड्याचा तक्ता लेखी पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. वाय-फायवरची चाचणी जोडू नका, ती पहिल्या फटक्यात फेटाळतात. परत करण्याची मुदत असेल तर ती बहुधा बसवल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणून रात्री नऊची पहिली चाचणी त्याच दिवशी करा. राउटर परत देताना अनुक्रमांक, अडॅप्टर आणि अँटेना दिसतील असा फोटो काढा आणि पोच घ्या. अनामत बहुतेक वेळा अडॅप्टरवरून अडते. छतावरचा पाइप आणि केबल कुणाची, हे करारात पाहा. तुमची असेल तर जागेवरच राहू द्या. पुढच्या सेवादाराला तीच लागेल.